तीन लहानपणांची वही

माझ्याकडे स्पॅनिश शिकायला येणाऱ्या प्रत्येक माणसावर मी पहिल्या दिवसापासून संशय घेतो. त्यात वैयक्तिक राग-लोभ काही नाही. देवाससारख्या गावात कुणी उठून स्पॅनिश शिकायला का येईल? काहीतरी कारण असतंच, आणि ते पहिल्या दिवशी कुणी सांगत नाही. 'आवड आहे' म्हणतात. मी मान डोलावतो आणि मनात टिपून ठेवतो.

हा गुण घराण्यातून आला आहे. देवास गाव एवढंसं, पण त्यात संस्थानं दोन होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन राजे, दोन दरबार. माझे आजोबा थोरल्या पातीत कारकून होते. धाकट्या पातीतल्या सोयऱ्यांकडून दिवाळीच्या फराळाचं ताट आलं की आमच्याकडे ते कौतुकाने घेत, पाहुण्याला चहा पाजत, आणि तो गेल्यावर लाडू फोडून बघत. आत बेदाण्याशिवाय कधी काही निघालं नाही. तरी पुढच्या वर्षी पुन्हा फोडत.

तेव्हा संपादकांनी 'कामातले अनुभव लिहा' असं कळवलं, तर माझ्या मनात पहिला प्रश्न आला की यांना माझ्याकडून नेमकं काय वदवून घ्यायचं आहे. दोन महिने टाळाटाळ केली. मग लक्षात आलं की वदवून घेण्यासारखी एकच गोष्ट माझ्याजवळ आहे, आणि ती कुणी विचारायच्या आत आपणच सांगितलेली बरी.

नोकरी मी पिथमपूरच्या एका कारखान्यात दुभाष्याची केली. निवृत्तीनंतर वर्ग सुरू केले. सोमवार ते शुक्रवार देवासला घरच्याच बाहेरच्या खोलीत, शनिवार-रविवार धारला, एका शिकवणीच्या भाड्याच्या खोलीत. माझ्या वर्गात सगळ्यात जास्त वेळ जातो तो भूतकाळाच्या एका प्रकारावर. वाचकांनी घाबरू नये, दोन मिनिटांत आटोपतो.

'मी बाजारात गेलो' ही एकदा घडलेली गोष्ट. 'मी बाजारात जात असे' ही नेहमीची. आपल्या जुन्या मराठीत यासाठी एकाच शब्दात काम भागे: मी जाई, ती येई, ते म्हणत. स्पॅनिशमध्येही असाच एका शब्दाचा काळ आहे, आणि नियमित क्रियापदांना तो लावणं अगदी सोपं. 'आब्लार' म्हणजे बोलणं. शेवटचा 'आर' काढायचा, 'आबा' लावायचा: आब्लाबा, बोलत असे. 'कोमेर' म्हणजे जेवणं. 'एर' काढून 'ईआ' लावायचा: कोमीआ, जेवत असे. 'ईर'वाल्यांनाही तेच. अख्ख्या भाषेत या काळात वाकडी जाणारी क्रियापदं फक्त तीन. हे सगळं इतकं सोपं आहे की विद्यार्थ्यांना यात काहीतरी फसवणूक असणार असं वाटतं, आणि अशा विद्यार्थ्यांबद्दल मला आपुलकी वाटते.

आपली माणसं यात एकच चूक हमखास करतात. कारखान्यात एक स्पॅनिश इंजिनिअर होता, त्याला सगळे पेपेभिया, म्हणजे पेपेभाऊ, म्हणत. आमच्या एका फोरमनने त्याला मोठ्या अभिमानाने सांगितलं की माझे आजोबा दरबारात काम करीत, तलवार बाळगीत, दोन शेर दूध पीत. आजोबांचा मान म्हणून सगळी क्रियापदं अनेकवचनी. पेपेभियाने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "याला आजोबा किती?" त्या भाषेत मोठ्या माणसासाठी अनेकवचन नाही. एक माणूस तो एकच, कितीही दूध पिऊ दे.

चोऱ्या पकडण्यात मात्र माझा हातखंडा. 'लहानपणी मी काय करीत असे' हा माझा ठरलेला, पुन्हा पुन्हा द्यायचा गृहपाठ. वहीच्या डाव्या पानावर आधी मराठीत लिहायचं, मग उजव्या पानावर स्पॅनिशमध्ये. डावं पान हा माझा सापळा. फोनवरून उतरवून घेणारा तिथे अडकतो. एका महाशयांनी लिहिलं होतं की हिवाळ्यात ते बर्फावरून घसरत असत. धारमध्ये. मी शांतपणे विचारलं, "कोणत्या गल्लीत?"

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची येतात. सोनकच्छचे एक गृहस्थ आठ दिवस वर्गात बसले. पन्नाशी उलटलेली, वही कोरी. मी नवव्या दिवशी त्यांना गाठलं, तेव्हा कबूल झाले. मुलीसाठी स्थळ आलं होतं, मुलगा स्पॅनिश कंपनीत असल्याचं सांगत होता. "मास्साब, छोरो केवे के भाषा जाणे है. म्हने पारखणो है," म्हणाले. मी खूश झालो. इतका रीतसर संशय घेणारा माणूस बऱ्याच दिवसांनी भेटला होता. त्यांच्याकडून एक प्रश्न घोटून घेतला: लहानपणी तू काय करत असायचास? बैठकीत त्यांनी तो खाडकन विचारला. मुलगा पाच मिनिटं स्पॅनिशमध्ये बोलला. पेढे घेऊन आले तेव्हा मी विचारलं, काय म्हणाला तो? "जवाब तो समझ में नी आयो," ते म्हणाले, "पण छोरो अटक्यो नी." अडखळला नाही, एवढ्यावर मुलगा पास. त्या दिवशी मी त्यांना पोटभर हसलो. प्रश्न येतो आणि उत्तर कळत नाही असा परीक्षक जगात दुसरा नसेल, असं मला वाटलं होतं.

आता नीलिमा.

नीलिमा मोरे धारच्या एका खाजगी दवाखान्यात वृद्धांच्या वॉर्डात सिस्टर होती. वय एकोणतीस. घर मराठी, पण शिक्षण सगळं हिंदीत. मराठी वाचताना ती अक्षरावर बोट ठेवून वाची. पहिल्या दिवशी तिने 'आवड आहे' म्हटलं नाही. सरळ म्हणाली, "सर, इंदूरची एक एजन्सी आहे. स्पेनला म्हाताऱ्या लोकांना सांभाळायला नर्स पाठवते. मला जायचंय." एवढं सरळ उत्तर ऐकून मला लगेच शंका आली.

शिकायला ती हुशार होती, तेही मला खटकलं. दिवसभर ड्यूटी करून आलेली बाई शब्द विसरायची नाही. उच्चार स्वच्छ. आणि मग तिचे गृहपाठ यायला लागले.

पहिल्या गृहपाठात ती लोहारद्याला राहत असे. बाजाराच्या दिवशी वडील पहाटे उठत, बैल जुंपीत आणि तिला मिरच्यांच्या पोत्यावर बसवीत. ती तिथेच झोपी जाई. बहिणी चार. दुसऱ्या गृहपाठात ती धामनोदला होती. घाट उतरून आलेले ट्रकवाले घराच्या ओट्यावर पाणी पीत, आणि ती एकुलती एक असल्याने त्यांच्याशी गप्पा मारी. तिसऱ्यात ती धारलाच होती. वडील अंगरखे शिवीत, आणि तिचे डोळे चांगले म्हणून सुईत दोरा ओवून देण्याचं काम तिच्याकडे असे.

मी घरी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तक्ता आखला. गाव, बहिणी, वडिलांचा धंदा. एका माणसाला लहानपण एकच असतं, हिची तीन भरली. शिवाय डावं पान. हिंदी शाळेत शिकलेली एकोणतीस वर्षांची मुलगी 'झोपी जाई' लिहीत नाही. ती 'झोपून जायची' लिहिते. ही मराठी कुणातरी म्हाताऱ्या माणसाची होती. म्हणजे हिला कुणीतरी लिहून देत होतं. एवढा भक्कम पुरावा माझ्या हाती पूर्वी कधी लागला नव्हता. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला होता.

एजन्सीला शिक्षकाचं पत्र लागे. या बाईला भाषा येते, आणि लिहिलेलं तिचं स्वतःचं आहे, अशी हमी. ते पत्र मिळालं तर नीलिमा जाणार, नाही मिळालं तर तिची जागा यादीतल्या पुढच्या बाईला. मुदत सोमवारपर्यंत होती. शनिवारी मी तिला भर वर्गात उभं केलं.

"नीलिमा, तुझा जन्म कुठला?"

"धारचाच, सर."

"लोहारद्याला कधी राहिलीस?"

"नाही, सर."

"आणि धामनोदला?"

"बसमधून उतरले असेन एक-दोनदा."

"मग या वहीतलं तुझं लहानपण कुठलं?"

तिने वहीकडे बघितलं. "यातलं कुठलंच नाही, सर."

मागे कुणीतरी हसलं. मी म्हणालो, "बस खाली." ती बसली. रडली नाही, वाद घातला नाही, तास संपेपर्यंत फळ्यावरचं उतरवून घेत राहिली. हा निर्ढावलेपणा आहे, असं मी स्वतःला समजावलं. तिची वही मी परत केली नाही. पुरावा म्हणून पिशवीत टाकली. आणि त्याच संध्याकाळी एजन्सीला पत्र पाठवलं, की उमेदवाराला भाषेचं ज्ञान असावं, परंतु गृहपाठ तिचा स्वतःचा असल्याची खात्री मी देऊ शकत नाही. 'असावं' हा शब्द मी फार विचार करून घातला होता. आपण किती तोलूनमापून लिहितो, याचं मला त्या संध्याकाळी कौतुकही वाटलं.

ती रविवारी आली नाही. पुढच्या आठवड्यातही नाही. आता एखादा माणूस इथे थांबला असता. पण माझ्या मनात एक बाकी राहिली होती: लिहून देणारा कोण? तो सापडल्याशिवाय चौकशी पुरी होत नव्हती. तिसऱ्या शनिवारी मी वर्गाआधी भेटीच्या वेळेला त्या दवाखान्यात गेलो. रिकाम्या हाताने गेलो तर ओळखू येईल म्हणून चार मोसंब्या घेतल्या. वॉर्डाच्या दारात उभा राहिलो. हातात मोसंब्या, आणि भेटायला कुणी नाही.

पहिल्याच खाटेवर एक म्हातारे गृहस्थ उशीला टेकून बसले होते. त्यांनी मला न्याहाळलं. "आपण कुणाकडचे?"

थाप मारायची तयारी होती, पण ऐन वेळी नाव सुचेना. "मी शिकवतो," म्हणालो. "स्पॅनिश."

त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे सिस्टरचे मास्तर आपण? या, या, बसा. मी गणपत शिंपी. इथे सगळे अण्णा म्हणतात." मग ताठ बसले आणि मला एकेक अक्षर सुटं करून म्हणाले, "मी को-सी-आ."

'कोसेर' म्हणजे शिवणं. कोसीआ, शिवीत असे. शेवटचा ईआ थोडा लांबवून, पण शंभर टक्के बरोबर.

"सिस्टरने शिकवला," अण्णा म्हणाले. "ती म्हणते, एवढा एक शब्द म्हटला की तिकडच्या माणसाला कळतं, हा जन्मभर काय करीत असे. आमचे वडील अंगरखे शिवीत. मी सुईत दोरा ओवून देई. ते सगळं तिने लिहून नेलं. मी सांगे तसं, शब्दाला शब्द. मास्तर, आपल्याला कसं वाटलं माझं?"

पलीकडच्या खाटेवरच्या आजी म्हणाल्या, "आणि माझं बैलगाडीचं? मिरच्यांचं?" त्यांच्या पलीकडे एक गृहस्थ भिंतीकडे तोंड करून झोपले होते. अण्णांनी सांगितलं, हे धामनोदचे, आज बरं नाही त्यांना, नाहीतर ट्रकांचे नंबर अजून म्हणून दाखवतात. माझे तीनही पुरावे एका रांगेत खाटांवर होते.

नीलिमा औषधांचा ट्रे घेऊन आली. मला बघून थबकली, मग तिने आधी अण्णांना गोळी दिली, पाणी दिलं, आणि नंतर माझ्याकडे वळली.

"तू सांगितलं का नाहीस?" मी विचारलं. माझा आवाज चढलाच. चूक माझीच होती, तरी चढला.

"तुम्ही विचारलं, माझं कुठलं. मी खरं तेच सांगितलं, सर."

"पुढचं सांगायचं होतंस."

"तुम्ही बस खाली म्हणालात ना."

मी म्हणालो, गृहपाठ स्वतःच्या लहानपणावर होता. तेव्हा ती पहिल्यांदा जरा चिडून बोलली. "माझं लहानपण तिथं कोण पूछणार, सर? तिकडचे आजी-आजोबा त्यांचंच सांगून राहतील ना दिवसभर, आम्ही असं करायचो, आम्ही तसं करायचो. मला ते समजलं पाहिजे. म्हणून मी इथूनच ऐकायला सुरुवात केली. यांनी 'मी' म्हटलं, मी पण 'मी' लिहिलं. स्पॅनिश तर सगळं माझंच आहे. बैठा के लिखवा लो."

मी मोसंब्या अण्णांच्या उशाशी ठेवल्या आणि बाहेर आलो. त्या दिवशी वर्ग घेतला नाही. एजन्सीला लगेच दुसरं पत्र पाठवलं. आधीच्या पत्राइतकं तोलूनमापून लिहिलं नाही, सरळ लिहिलं की चूक माझी आहे. उत्तर आलं, विनम्र होतं. जागा भरली गेली होती. उमेदवाराने पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करावा.

हे तिला सांगायला मीच गेलो. तिने ऐकून घेतलं. "ठीक है, सर," म्हणाली. पुढच्या शनिवारी ती वर्गात येऊन पहिल्या बाकावर बसली, जणू मध्ये काही झालंच नव्हतं. भर वर्गात केलेल्या अपमानाची माफी भर वर्गात मागायला हवी होती. मी ती जिन्यात मागितली, बाकीचे गेल्यावर. ही खंत मला आजही आहे.

ते वर्ष ती धारलाच राहिली. हिवाळ्यात अण्णा गेले. नीलिमाने मला सांगितलं तेव्हा वर म्हणाली, "मी होते जवळ. गेले असते स्पेनला तर नसते. बरंच झालं ना, सर." हे तिने माझं समाधान व्हावं म्हणून म्हटलं, असा माझा संशय आहे. हा एकच संशय मी कधी तपासून पाहिला नाही.

पुढे तिने दिल्लीला जाऊन भाषेची परीक्षा दिली. तिथे शिक्षकाचं पत्र लागत नाही. पास झाली, आणि दुसऱ्या एजन्सीतर्फे या उन्हाळ्यात गेली. जाण्यापूर्वी घरी येऊन पाया पडली. वही तिने मागितली नाही आणि मीही काढून दिली नाही. ती लोखंडी पेटीत होती, कॅलेंडरच्या तक्त्यात गुंडाळलेली. ती उघडायची मला लाज वाटे.

हा लेख लिहायचं ठरलं तेव्हा लोहारद्याच्या गृहपाठात बहिणी चार होत्या की पाच, हे बघायला परवा ती उघडली. तिन्ही लहानपणं होती तशी होती. त्यांच्यापुढे आणखी एक गृहपाठ निघाला. 'ओळखीचा एक माणूस' हा विषय मीच दिला होता. त्या शनिवारच्या आधी लिहिलेला. मी तो तपासलाच नव्हता, कारण माझा निकाल तोवर लागला होता. डावं पान कोरं होतं. मराठीचा आधार न घेता तिने थेट स्पॅनिशमध्ये लिहिलं होतं, आणि माझ्यावर लिहिलं होतं. त्या भाषेत आदराचं अनेकवचन नाही, तेव्हा मूळ पानावर मी नुसता 'तो' आहे. 'सर' हे खाली मराठी करताना मी घातलं.

'सर शनिवारी दुपारी बसमधून उतरत. वह्या ट्यूबलाइटसमोर धरून बघत. बरोबर उत्तराला खिशातून शेंगदाणे काढून देत, पण आधी एक स्वतः खाऊन बघत. आम्ही निघालो की एकटेच फळा पुसत बसत. सर छान शिकवीत. सर खूप प्रश्न विचारीत. उत्तर ऐकत नसत.'

लाल पेन घेऊन मी ते पान दोनदा तपासलं. एकही चूक सापडली नाही.